मुलांना ठाऊक होतं

कळवणला सातवीच्या मुलांना मी एकदा ब्रूनोची गोष्ट सांगितली. जॉन बॉइनच्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ (२००६) मधला हा नऊ वर्षांचा पोरगा. बाप छळछावणीचा प्रमुख, घर छावणीला लागून. तरी कुंपणापलीकडे काय चाललंय, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. आश्रमशाळेतल्या एका मुलीने विचारलं, “सर, शेजारी राहून एवढंही कळेना?” आईबाप द्राक्षबागेवर कधी गेले, उचल किती फिटली, हे सगळं तिला पाठ होतं.

त्या प्रश्नानंतर ज्यूंच्या नरसंहारावरच्या कादंबऱ्यांतली मुलं मी नव्याने वाचू लागलो. जर्मनीत शाळेतूनच ज्यूद्वेष शिकवला जाई, आणि १९३९ पासून दहाव्या वर्षी हिटलरच्या बालसंघटनेत जाणं सक्तीचं होतं. एवढं अजाण मूल, तेही अशा घरात, कुठून येणार? आऊशवित्झ स्मारकानेही जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की, हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. माझा आक्षेप आणखी एक आहे. शेवटी वाचकाचे डोळे अधिकाऱ्याच्या मुलासाठी भरतात. त्याच्यासोबत मरणारा कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा श्मुएल त्याच्या सावलीत राहून जातो.

इम्रे कर्तेशच्या ‘फेटलेस’मधला बुडापेस्टचा ग्यॉर्गी याच्या अगदी उलट. आऊशवित्झला उतरताच एक कैदी कानात सांगतो, वय सोळा सांग. ग्यॉर्गी तसंच सांगतो आणि वाचतो. पुढे तो रांगेतल्या माणसांकडे निवड करणाऱ्या डॉक्टरच्याच नजरेने पाहू लागतो: हा चालेल, हा नाही. एका मुलाने मारेकऱ्यांचा हिशेब असा सहज उचलावा, ही त्या पुस्तकातली सर्वांत भयंकर जागा आहे. कर्तेश स्वतः चौदाव्या वर्षी तिथे नेला गेला होता. त्याला २००२ चं नोबेल मिळालं.

उरी ऑर्लेव्हच्या कादंबरीतला अलेक्स ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या पडक्या इमारतीत पांढऱ्या उंदरासोबत लपून बापाची वाट पाहतो. तो अकरा वर्षांचा आहे, आणि कुठल्या पावलांना घाबरायचं हे त्याला नेमकं कळतं.

आणि एक मुलगा थेट आपल्याकडे येतो. अनिता देसाईंच्या ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ (१९८८) मधला ह्यूगो. बर्लिनच्या शाळेत नाताळला त्याच्या नावाची भेट नसते. बाई झाडावरचा लाल काचेचा गोळा देऊ करतात. तो घेत नाही. तो आपल्यासाठी नव्हता, हे त्याला समजलेलं असतं. तरुणपणी जीव वाचवायला तो भारतात येतो, तर इंग्रज त्याला ‘जर्मन’ म्हणून अहमदनगरच्या छावणीत नाझींबरोबरच कोंडतात. हे कादंबरीपुरतं नाही. अहमदनगरला खरोखरच असे जर्मन नागरिक स्थानबद्ध होते, आणि १९४१ मध्ये त्यांतल्या अनेकांना काही काळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत ठेवलं होतं. कळवणहून एसटीने निघालं, तर दुपारपर्यंत पोचता येतं तिथे.

ह्यूगोची आई बर्लिनलाच राहिली. तिची कार्डं येत, दोन-चार ओळींची, खुशाल असल्याची. मग तीही थांबली. सुटून मुंबईत म्हातारा होईपर्यंत त्याने ती जपून ठेवली.