दुर्मिळ पाखरू की दुर्मिळ नोंद?

महाशिवरात्र झाली की माझा फोन वाजायला लागतो. लोहा तालुक्यातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. मुलांना मन्याड नदी दाखवायला नेताना एकदा दुर्बीण सोबत घेतली, तेव्हापासून गावानं पाखरांचं खातं माझ्याकडे लावून दिलंय. "मॅडम, लिंबोटीच्या पाण्यावर येगळंच पाखरू हाय. आजवर कधी बघितलं न्हाई." कधी दिसलं? "झाले असतील चार-सा दिवस." किती होते? "लई होते." चोच कशी होती? यावर जरा थांबून उत्तर येतं, "मोठं होतं, मॅडम."

फोन करणाऱ्याच्या नजरेवर माझा पूर्ण भरवसा असतो. रात्री ज्वारीला पाणी द्यायला जाणाऱ्या आणि पहाटे म्हशी सोडणाऱ्या माणसाला जे दिसतं, ते रविवारी गाडी काढून येणाऱ्याला दिसत नाही. अडतं ते पुढे. पाहिलेलं कुठे लिहिलंच जात नाही, आणि महिन्याभरानं ते कोणत्या गावचं, कोणत्या तारखेचं, हे सांगणाऱ्यालाही आठवत नाही.

फेब्रुवारीचा मध्य ते गुढीपाडवा हे पाखरांचे घाईचे दिवस. येळवसेच्या सुमारास आपल्याकडे स्थिरावलेले हिवाळी पाहुणे आता परतीला लागतात. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या शरीरात बदल सुरू होतात. खाणं वाढतं, कातडीखाली चरबी साठते, तीच पुढच्या प्रवासाची शिदोरी. काहींचा पेहरावही बदलतो. हिवाळाभर मळकट वाटणारा पिवळा धोबी मार्चमध्ये हळद लावल्यासारखा होतो. शंकर नावाच्या चिमुकल्या पक्ष्यातल्या नराचा गळा निळाभोर दिसू लागतो. मला येणाऱ्या 'नव्या पाखरा'च्या फोनांपैकी बरेच या कपडे बदललेल्या जुन्या ओळखीच्यांचे असतात. पण सगळेच नाहीत. याच दिवसांत धरणाचं पाणी मागे सरतं, गाळपेरीच्या कडेनं चिखल उघडा पडतो आणि दक्षिणेकडून परतणारे थवे तिथे दोन-चार दिवस पोट भरायला उतरतात. एरवी आपल्या जिल्ह्यात न थांबणारा पक्षी दिसला तर असाच, वाटेवरचा. त्यामुळे 'परवा' आणि 'गेल्या आठवड्यात' यांत फार फरक पडतो.

आणखी एक. आमच्याकडे प्रत्येक पाहुणा सायबेरियाहून येतो, निदान बातमीत तरी! खरं तर काळ्या डोक्याचा भारीट करडईच्या रानातून उठतो तो पश्चिमेची वाट धरतो. त्याची वीण पश्चिम आशियात आणि आग्नेय युरोपात होते. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, मंगोलिया, तिबेट आणि आपल्याच लडाखच्या तलावांवर घरटी करतो. उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं पाठीवर लावून अभ्यासकांनी त्याचा हिमालयावरचा प्रवास मोजला, तेव्हा काही पक्षी ७,००० मीटरच्याही वर गेल्याचं आढळलं. भोरड्या तर मध्य आशिया आणि पूर्व युरोपातल्या खडकाळ उतारांवर, टोळ-नाकतोडे मुबलक असतील तिथे वीण करतात. त्यांचा फोटो 'दुर्मिळ विदेशी पाहुणे' म्हणून बातमीत छापलेला मी पाहिला आहे. ज्वारीवर भोरड्या पडल्यावर गोफण घेऊन दिवसभर मचाणावर उभं राहणाऱ्याला कुणीतरी ती बातमी वाचून दाखवायला हवी होती.

मग दुर्मिळ कुणाला म्हणायचं? पक्षी जगात कमी उरला असेल तर तो दुर्मिळ, हे सरळ आहे. माळढोक तसा. पण एरवी विपुल असलेला पक्षी भलत्या ठिकाणी किंवा भलत्या महिन्यात दिसला तर तीही दुर्मिळ नोंदच. डिसेंबरातलं तलवार बदक कुणी विचारत नाही, मे अखेरीस दिसलेल्या तलवार बदकाबद्दल मात्र शंका विचारली जाणारच.

आपल्या भागात याशिवाय तिसरा प्रकार आहे, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. इथे पाखरू दुर्मिळ नसतं, बघून लिहिणारा दुर्मिळ असतो. जुन्या नोंदी अगदीच नाहीत असं नाही. एकोणिसाव्या शतकात जालन्याच्या छावणीत डॉक्टर असलेल्या जर्डननं दख्खनचे पक्षी नोंदवले. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं पक्षी-सर्वेक्षण केलं. नांदेड तेव्हा त्याच संस्थानात. पण पुण्याच्या एखाद्या तळ्यावर रविवारी सकाळी पाखरांइतके दुर्बीणवाले असतात, आणि आमच्या धरणाच्या काठावर म्हशी आणि मी. त्यामुळे 'जिल्ह्यात प्रथमच' असं कुणी म्हणालं की मी मनात 'प्रथमच लिहिलं गेलं' अशी दुरुस्ती करून घेते.

लिहायचं कसं, याचा नमुना मला कंधारकडच्या एका शेतकऱ्यानं दिला. "मॅडम, माळढोक घावला!" असा त्याचा फोन. मी धडधडत्या छातीनं व्हिडिओ उघडला. लांब पिवळे पाय, भले मोठे पिवळे डोळे, अंगावर मातकट रेघा, चार पावलं पळून एकदम थबकणं. तो करवानक होता, वर्षभर इथल्याच माळावर राहणारा. नाव चुकलं होतं, पण बाकी सगळं चोख होतं. सकाळची वेळ, गट नंबर, पक्षी दोन, जमीन नांगरलेली, आणि पक्ष्याला न उठवता लांबून काढलेला व्हिडिओ. त्यामुळे दोन मिनिटांत ओळख पटली. याउलट, नाव छातीठोक सांगितलं आणि वर्णन काहीच नाही, अशा नोंदीचं कुणी काही करू शकत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, नाव शेवटी लिहा. आधी आकार कुणाएवढा ते लिहा, साळुंकीएवढा की घारीएवढा. मग चोच, पाय, उडताना पंखावर काय दिसलं, काय करत होता, आवाज कसा होता. पुस्तक उघडायच्या आधी हे लिहायचं, कारण चित्र बघितल्यावर आपल्याला न दिसलेला पट्टाही दिसल्यासारखा वाटतो.

वही भरली की नोंद पुढे पाठवायची सोय फुकट आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सुरू केलेलं ई-बर्ड आता मोबाइलवर चालतं, पक्ष्यांची नावं मराठीतही दिसतात. त्यात प्रत्येक भागासाठी, महिन्यागणिक, कोणता पक्षी किती संख्येनं अपेक्षित आहे याची चाळणी लावलेली असते. त्याबाहेरचं काही भरलं की ॲप लगेच तपशील मागतं, आणि नंतर एखादा स्वयंसेवक परीक्षक ईमेलवर विचारणा करतो. या विचारणेनं रुसणारे मी पाहिले आहेत. "माझ्यावर विश्वास नाही का?" अहो, प्रश्न विश्वासाचा नाही. तुम्हाला ओळखत नसलेल्या माणसालाही पन्नास वर्षांनी ती नोंद पटली पाहिजे. शंका फिटली नाही तरी नोंद तुमच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक आकडेवारीत धरली जात नाही.

काही नोंदी मात्र गाजवायच्या नसतात. माळढोक खरंच दिसला किंवा घुबडाचं घरटं सापडलं, तर जागा गावच्या ग्रुपवर टाकू नका, वन विभागाला कळवा. माळढोकासारख्या संवेदनशील पक्ष्यांचा नेमका ठिकाणा ई-बर्डही लोकांपासून लपवून ठेवतं. पायात धातूची रिंग किंवा गळ्यात रंगीत पट्टी दिसली तर त्यावरची अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. मंगोलियात पट्टकादंबांच्या गळ्यात अशा पट्ट्या घातल्या जातात, आणि त्या अक्षरांवरून त्या पक्ष्याचा माग लागतो.

मेलेल्या पाखराची बातमीही तितक्याच तत्परतेनं द्यावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. कावळ्याकडे कोण बघतं? पण लोकांनी ते कळवलं, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला फोन करा.

एक मागणं आहे. पहिलं पाखरू आलं की सगळे सांगतात, शेवटचं कधी गेलं हे कुणीच लिहीत नाही, कारण ते शेवटचं होतं हे नंतर पुन्हा जाऊन रिकामं पाणी पाहिल्याशिवाय कळत नाही. नांदेड-लातूरकडच्या वाचकांनी यंदा आपल्या गावाजवळचं एकच तळं निवडावं, विष्णुपुरी असो, लिंबोटी असो की मांजरेवरचा एखादा बंधारा. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एक फेरी मारावी. पाडव्यानंतरही जावं, आणि एकही बदक दिसलं नाही तर तेही तारीख-वार आणि गावाच्या नावासकट लिहून पाठवावं.