दूरच्या जुन्या मोटारीची पारख

जुन्या मोटारींचा शौक एके काळी संस्थानिक व धनिक यांच्यापुरता मर्यादित होता. आज तो मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोहोचला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली फियाट, उत्तरपाड्याची अम्बॅसिडर आणि महिंद्राची जीप ही या शौकाची मुख्य दैवते होत. अम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. साहजिकच चांगली गाडी मिळेल तेथून आणावी लागते. मुळशी तालुक्यातील पौड किंवा पिरंगुटच्या ग्राहकाने कोइमतूरची गाडी मोबाइलवर पाहावी आणि पैसे आधी पाठवावे, असे व्यवहार त्यामुळे होऊ लागले आहेत. हीच गाडी उद्या ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाणार असेल, तर पारखीतील चूक केवळ पैशांवर भागत नाही.

आधी कागद, मग गाडी

पारखीचा क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम कागदपत्रे, मग सांगाडा, त्यानंतर ब्रेक व इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग. छायाचित्रात नेमका रंगच प्रथम दिसतो व अनेकजण तेथेच फसतात. बिघडलेले इंजिन पुन्हा बांधता येते. वादग्रस्त नोंदणी मात्र कोणत्याही मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही.

नोंदणी पुस्तक, तसेच चॅसिस व इंजिनवरील क्रमांक यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवावीत. चॅसिस क्रमांकावर कागद ठेवून, पेन्सिल घासून घेतलेला ठसाही मागवावा. अक्षरे वेडीवाकडी किंवा त्याभोवतीचा पत्रा नव्याने जोडलेला दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. कर्जाचा बोजा उतरला आहे काय आणि गाडी परराज्यातील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळेल काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूप टिकवून असलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. ती १० वर्षे वैध असते. परंतु अशी गाडी नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची असते. रोज पुण्यास ये-जा करू इच्छिणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

गंज कोठे शोधावा?

जीपला स्वतंत्र चॅसिस असते. फियाट व अम्बॅसिडर यांचे पत्र्याचे शरीर हाच त्यांचा सांगाडा होय. त्यामुळे या दोन गाड्यांत दरवाजाखालील पट्ट्या सडल्या की गाडीचे बळच जाते. पायपुसण्याखालील तळ, डिकीतील जादा चाकाची जागा, बॅटरीखालचा पत्रा आणि मागील पाट्यांच्या स्प्रिंगा जेथे जोडलेल्या असतात ती ठिकाणे आवर्जून पाहावीत. गंजलेली जागा पुट्टीने भरून रंगविलेली असल्यास लोहचुंबक तेथे नीट चिकटत नाही. तळाला नुकताच दिलेला काळा लेप हीदेखील शंकेची खूण समजावी. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीची तपासणी अधिक कसोशीने करावी.

दुरून पाहण्याची रीत

छायाचित्रे भर उजेडात, न धुतलेल्या गाडीची घ्यावयास सांगावीत. इंजिन सुरू करण्याची चित्रफीत सलग असावी. तिच्या आरंभी विक्रेत्याने बॉनेट उघडून इंजिनाला हात लावून ते थंड असल्याचे दाखवावे. आधीच तापविलेले इंजिन आपले दोष लपविते. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिल्यास ऑइल जळत आहे असे समजावे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याचा संभव असतो. काळा धूर पेट्रोल जादा जात असल्याचे दर्शवितो. ब्रेकचे पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली गेले, तर दाब कोठेतरी निसटत आहे हे निश्चित. टायरवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे असतात. नक्षी शाबूत असूनही टायर जीर्ण झालेला असू शकतो.

तथापि, कॅमेऱ्याला वास येत नाही आणि पत्रा टोचून पाहता येत नाही. म्हणून त्या गावातील, विक्रेत्याशी संबंध नसलेला जाणता मिस्त्री मेहनताना देऊन पाठवावा. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ ठरतो. विक्रेता तपासणीस नकार देत असेल, तर तो नकार हेच उत्तर समजावे.

गाडी आल्यावर

नव्याने घेतलेली जुनी गाडी चालवीत न आणता वाहतुकीच्या ट्रकने आणावी. ब्रेकचे रबरी पाइप, ब्रेक ऑइल व टायर बदलल्याखेरीज तिला घाटात नेऊ नये. मुळशीच्या पश्चिम भागात पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओलसर असते. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेल्या गाडीखाली ओल कोंडते व ती तळापासून सडू लागते. पक्की, कोरडी जमीन, वर छप्पर आणि बाजूंनी खेळती हवा एवढी व्यवस्था गाडी येण्यापूर्वीच करावी. पन्नास वर्षे टिकलेली गाडी एका पावसाळ्यात गमावली जाऊ नये.