एकसष्टाचें कोडें

चाळीसगांवच्या स्थानकावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत बसणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें कीं, तेथून सुमारें १८ किलोमीटरांवरील पाटणच्या देवीच्या देवळांत विद्यादानाचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां मठ स्थापिला, व निकुंभ कुळांतील सोइदेवानें त्यास उत्पन्न लावून दिलें, असें शके ११२८ चा हा लेख सांगतो. त्याचा शेवटचा भाग मराठींत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणला.

त्या ग्रंथांतील गणित कसलें होतें, याचा एक मासला पाहूं. ‘बीजगणितां’त आचार्य विचारतात: अशी कोणती पूर्ण संख्या कीं, तिच्या वर्गास ६१ नीं गुणून १ मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्ग यावा? ६१ ऐवजीं ६० असते तर उत्तर ४. कारण ९६० व १ मिळून ३१ चा वर्ग होतो. ६२ असते तर ८. मग ६१ लाच असें काय झालें? तेथें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हें आहे, आणि येणारें वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९!

हें चाचपडून सांपडणारें नव्हे. आचार्यांनीं ‘चक्रवाल’ रीत वापरली. ती त्यांचीच असें मात्र म्हणूं नये, जयदेव नांवाच्या गणित्यास ती आधींच ठाऊक होती. प्रारंभ साधा: ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. पुढच्याच फेऱ्यांत ३९ चा वर्ग ६१ गुणिले २५ याहून ४ नें उणा. तेथून ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’नें थेट उत्तर गांठतां येतें. हाच ६१ चा प्रश्न इ. स. १६५७ मध्यें फर्मानें फ्रान्सांतील गणित्यांपुढें ठेवला. बीजगणित तर शके १०७२ चें!

आमच्या घरीं चिरंजीवांनीं हें खिशांतल्या गणकयंत्रावर ताडून पाहिलें. दहा आंकड्यांच्या त्या यंत्रांत १९ आंकडी वर्ग मावेना, आणि ज्या एकासाठीं एवढा खटाटोप तोच एक नाहींसा झाला. तेव्हां पाटी घ्यावी. ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट करून १ वजा केला कीं २९,७१८ चा वर्ग येतो. त्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवावा, म्हणजे मोठी संख्या. आणि ३,८०५ व २९,७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे लहान.