न पाहिलेल्या घराला इसार नको
(परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी)

बैल घ्यायला तुम्ही बाजारात जाता तेव्हा काय करता? दात पाहता, खूर पाहता, चार पावले चालवून पाहता. मालक कोणत्या गावचा, बैल का विकतो आहे, याची चौकशी करता. मन भरले तरच इसार हातावर ठेवता. कोणी म्हणाले, "बैल परमुलखात आहे, फोटो बघा आणि पैसे पाठवा," तर तुम्ही त्याला चहासुद्धा पाजणार नाही.

मात्र मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी निघाली, की हीच माणसे न पाहिलेल्या घराचा इसार न पाहिलेल्या माणसाला पाठवून मोकळी होतात. घाई असते, काळजी असते आणि परक्या मुलखाची रीत ठाऊक नसते. ही रीत कळावी म्हणून हा लेख.

मानवत तालुक्यातील एका गृहस्थांची हकिगत सांगतो. त्यांचा मुलगा बी.एस्सी. कृषी झाला. जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. जायला महिना राहिला तरी राहण्याची सोय होईना. अशात मोबाईलवर एक जाहिरात दिसली. नीटनेटकी खोली, स्वयंपाकघर, विद्यापीठ जवळ आणि भाडे महिना ३५० युरो. मालकाने कळवले, "मी सध्या नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात आहे. दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे भाडे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल." खात्री पटावी म्हणून त्याने आपल्या पासपोर्टची प्रतही धाडली. वडिलांनी कापसाचे आलेले पैसे काढून जवळजवळ लाख रुपये पाठवले. किल्ली काही आली नाही. मुलगा तिथे पोचला, पत्ता शोधला. इमारत खरी, मजला खरा, पण त्या घरात एक बाई कित्येक वर्षांपासून राहत होत्या. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. मुलाने पहिल्या दहा रात्री आपल्याकडच्याच एका मुलाच्या खोलीत खाली अंथरूण टाकून काढल्या.

ते गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, बैल घ्यायचा तर मी चार बार दात बघतो. इथं माझी अक्कल कुठं गेली हो?"

अक्कल कुठेही गेली नव्हती. दात कुठे पाहायचे, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हा प्रश्न आता आपल्या दारात

पूर्वी परदेशी जाणे ही शहरातील मोठ्या घरांची गोष्ट होती. आता तसे राहिलेले नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली मुले पुढे शिकायला बाहेर जाऊ लागली आहेत. जर्मनीत स्टुटगार्ट शहरातील होहेनहाइम विद्यापीठ शेतीच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. हे शहर ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. त्यामुळे शिक्षणासाठी नाही तर कामासाठी, आज ना उद्या आपल्या भावकीतील कोणीतरी मानवत रोड स्टेशनवरून त्या वाटेने निघणार आहे. म्हणून उदाहरण मुख्यतः जर्मनीचे घेतले आहे.

आधी उतरायची जागा, मग राहायचे घर

घर इथूनच पक्के करून जावे की तिथे गेल्यावर शोधावे, असा प्रश्न पालक विचारतात. माझे सांगणे असे की याचे दोन भाग करावेत. पहिल्या दोन-चार आठवड्यांसाठी उतरायची जागा इथूनच पक्की करावी. कायमचे घर मात्र शक्यतो डोळ्यांनी पाहूनच घ्यावे. आपण रोप आधी गादीवाफ्यावर वाढवतो, मग शेतात लावतो, तसेच हे आहे.

याला अपवाद संस्थेच्या वसतिगृहाचा. जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहे मुख्यतः 'श्टुडिअरेन्डेनवेर्क' नावाच्या संस्था चालवतात. प्रत्येक विद्यापीठाच्या गावी किंवा विभागात अशी संस्था असते. खाजगी घरापेक्षा तिथले भाडे सहसा कमी असते. म्हणून मागणी फार आणि प्रतीक्षा यादी लांब. प्रवेशाचे पत्र हाती पडले त्याच आठवड्यात तिथे अर्ज करावा. व्हिसा होऊ द्या मग पाहू, असे म्हणू नये. तिथले हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सगळेच धावतात. पेरणीची वेळ चुकली की उतारा घटतो, हे तुम्हाला मी काय सांगावे?

अशी संस्था अनामत आधी मागते, त्यात वावगे नाही. मात्र खाते क्रमांक तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून पडताळून घ्यावा.

वसतिगृह न मिळाल्यास 'वे-गे' हा मार्ग आहे. म्हणजे तीन-चार जणांनी मिळून एक घर घ्यायचे, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर व न्हाणी सामाईक. पुण्यात आपली मुले रूम घेऊन राहतात, त्याचाच हा प्रकार. तिथे आधी राहणारी मुले नव्याची मुलाखत घेतात. व्हिडिओवरून बोलणे होत असेल तर त्यांना घर फिरवून दाखवायला सांगावे. आपली घड्याळे जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतात, हे वेळ ठरवताना ध्यानात ठेवावे.

ठगाचे दात असे ओळखावेत

बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग व लेबल पाहतो आणि पावती जपून ठेवतो. घराच्या बाबतीत पुढील खुणा पाहाव्यात.

१) मालक कायम परगावी असतो. घर दाखवायला कोणी नसते. किल्ली टपालाने येणार असते.

२) भाडे आजूबाजूच्या घरांपेक्षा बरेच कमी आणि फोटो मात्र हॉटेलसारखे असतात. स्वस्तातले बियाणे का स्वस्त असते, ते आठवावे.

३) घाई केली जाते. "आणखी पाच जण मागे लागले आहेत, आज पैसे पाठवा."

४) खाते एकाच्या नावावर आणि करार दुसऱ्याच्या नावावर असतो. घर जर्मनीत, खाते भलत्याच देशात. जर्मन बँकेच्या खाते क्रमांकाची सुरुवात 'डी' आणि 'ई' या दोन इंग्रजी अक्षरांनी होते.

५) पासपोर्टची प्रत न मागता पाठवली जाते. ती बहुधा दुसऱ्याच कोणा फसलेल्याची असते. तुमच्या मुलाने आपला पासपोर्ट पाठवला, तर पुढच्या माणसाला तोच दाखवला जाईल.

यातील एक खूण दिसली तरी हात आखडावा. फोटो खरा की दुसरीकडून उचललेला, हे मोबाईलवर फोटो टाकून शोधता येते. त्या शहरात शिकणाऱ्या एखाद्या मुलाला तासभर जाऊन घर पाहून ये म्हणावे. असा मुलगा विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांमध्ये किंवा तिथल्या मराठी मंडळात बहुधा सापडतो.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. एक दिवस गेला की पैसा पुढे पळतो. आमच्या त्या गृहस्थांनी लोक काय म्हणतील म्हणून पंधरा दिवस घरातही सांगितले नाही.

हिशोब दोन भाड्यांचा

जर्मनीत भाडे दोन प्रकारे सांगतात. नुसत्या जागेचे ते 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडे. त्यात घर उबदार ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा वगैरे मिळवले की होते 'वार्ममीटे', म्हणजे उबदार भाडे. वीज आणि इंटरनेट पुष्कळदा यातही धरलेले नसते. जाहिरातीतील आकडा कोणता, हे आधी विचारावे. तिथला हिवाळा आपल्या पौषातल्या गारठ्यासारखा नसतो. घर उबदार ठेवण्याचा खर्च चुकत नाही.

अनामतीला तिथे 'काउत्सिओन' म्हणतात. कायद्याने ती तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. शिवाय भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडे सुरू होताना द्यायचा असतो. करार व्हायच्या आत सगळी अनामत मागणारा खाजगी मालक दिसला, की सावध व्हावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलाच्या नावे एका बंद खात्यात वर्षाचा खर्च ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. पालकांना वाटते, एवढे पैसे आहेत, आता चिंता नाही. पण ते पैसे एकदम हाती येत नाहीत. मुलगा तिथे पोचून खाते सुरू झाल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे सुटतात. पाण्याने भरलेली विहीर आहे, पण मोटारीला तासभरच वीज आहे, असा हा प्रकार. म्हणून पहिल्या महिन्याचा पैसा वेगळा काढून ठेवावा.

नमुन्यादाखल हिशोब असा. थंड भाडे ३०० आणि उबदार भाडे ४०० युरो धरले, तर अनामत जास्तीत जास्त ९००, पहिले भाडे ४००, तीन आठवडे तात्पुरती जागा ४५० आणि अंथरूण-भांडी १५०. एकूण १,९०० युरो. सोपे जावे म्हणून युरो शंभर रुपयांचा धरला तर झाले एक लाख नव्वद हजार रुपये. म्युनिकसारख्या शहरात याहून बरेच जास्त लागतील, मागडेबुर्गसारख्या शहरात कमी. कर्ज काढताना हा आकडा त्यात धरावा, नाहीतर ऐन वेळी सावकाराचे दार दिसते.

कागद आणि घरातली रीत

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. पुढची बहुतेक सरकारी कामे या नोंदीवर अडतात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकऱ्याची कशी अडचण होते, तशीच. तेव्हा घर ठरवतानाच विचारावे, "नोंदीचा दाखला द्याल ना?" नाही म्हणणाऱ्याचे घर कितीही स्वस्त असो, ते आपल्या कामाचे नाही.

रिकामे घर म्हणजे तिथे खरोखर रिकामे. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो. नव्या मुलाने सामानसहित खोलीच घ्यावी. घर ताब्यात घेताना भिंती, खिडक्या, नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. सोडताना अनामत कापली जाण्याचा वाद त्याने टळतो. घर सोडण्याची सूचना साधारणपणे तीन महिने आधी द्यावी लागते.

मायभगिनींनी मुलांना आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. खमंग फोडणीचा धूर झाला की छताचा भोंगा ओरडतो, म्हणून खिडकी उघडून फोडणी द्यावी. आणि थंडी म्हणून खिडक्या सदा बंद ठेवू नयेत. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. रात्री दहानंतर मोठा आवाज चालत नाही.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०१९ च्या कायद्याने तिथे सामान्य घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. घर राखून ठेवायचा इसार एक आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. मालकाने अनामत ३० दिवसांच्या आत शासनमान्य योजनेत जमा करायची असते. त्याचा कागद मागून घ्यावा. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, ओळखीसाठी तिथे जरूर जावे.

जुन्यांनी काय केले

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. परदेशात ना नातलग, ना फोन. पण न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा बराच काळ पत्रव्यवहार होता. पत्रापत्रांतून माणूस पारखला गेला होता. बोटीतून उतरल्यावर आनंदीबाई त्यांच्याच घरी गेल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले. तिथे जमले नाही, तेव्हा त्यांनी जागा बदलली. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. पहिली जागा मनासारखी मिळाली नाही म्हणून मुलाने खचू नये आणि आपणही इथून फोनवर रडू नये.

या दोन्ही उदाहरणांत घराच्या आधी माणूस दिसतो. म्हणून पैसे पाठवण्याआधी तिथला एक तरी खरा, बोलता-चालता माणूस जोडून घ्यावा.

आमच्या त्या गृहस्थांचा मुलगा आता तीन मुलांसोबत वे-गेमध्ये राहतो. गेल्या वर्षी आपल्या गावाशेजारच्या एका मुलीला तिकडे जायचे होते, तेव्हा याने स्वतः जाऊन तिची खोली पाहिली, नळ सोडून पाहिले, मालकिणीशी बोलला आणि मगच पैसे पाठवायला सांगितले. तिच्या वडिलांनी मला विचारले, "साहेब, आता इसार देऊ ना?"

मी म्हटले, "दात पाहिलेत, आता खुशाल द्या."