देवमाशांची वाट पाहणारे बंदर

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ६० किलोमीटर दक्षिणेला हूसाविक हे गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. १९०७ साली बांधलेले लाकडी चर्च, त्याच्या पायथ्याशी बंदर, आणि धक्क्याला ओळीने लागलेल्या ओक लाकडाच्या जुन्या मच्छीमार बोटी. या बोटी आता मासे आणत नाहीत. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्या माणसे घेऊन निघतात आणि समोरच्या स्क्याल्फांदी उपसागरातले देवमासे दाखवून परत येतात.

हा व्यवसाय एका पडझडीतून उभा राहिला. १९८४ मध्ये आइसलंडने मासेमारीला कोटा लावला. पुढे कोट्याची खरेदी-विक्री सुरू झाली, तसा तो मोठ्या जहाजांकडे जात राहिला. लहान लाकडी बोटी धक्क्यावर पडून राहिल्या. कितीतरी मोडीत निघाल्या, काही जाळल्या गेल्या. आर्नी आणि हॉर्दुर सिगुर्ब्यार्नार्सन या भावांनी ‘क्नोरिन’ नावाची अशीच एक बोट वाचवली आणि १९९५ च्या उन्हाळ्यात तिच्यातून पर्यटकांना समुद्रावर न्यायला सुरुवात केली. त्यातून ‘नॉर्थ सेलिंग’ ही कंपनी उभी राहिली. पाठोपाठ गावात आणखी कंपन्या आल्या. बोटी टिकल्या, तशी त्यांची डागडुजी करण्याची हातोटीही टिकली. याच कंपनीने २०१५ मध्ये ‘ओपल’ या १९५१ सालच्या शिडाच्या जहाजावर विजेची मोटर बसवली. शिडावर चालताना तिचा पंखा पाण्याच्या जोराने फिरतो आणि बॅटरी भरली जाते. देवमाशांच्या जवळ जाताना डिझेल इंजिनाची धडधड बंद ठेवता येते.

देवमासे याच उपसागरात का येतात? दोन नद्या इथे समुद्राला मिळतात आणि जमिनीवरचे क्षार घेऊन येतात. त्यात उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ मावळत नाही. पोषण आणि प्रकाश दोन्ही मुबलक मिळाल्यावर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात. त्यांच्यावर क्रिल पोसतात, लहान मासे पोसतात, आणि त्यांच्या मागावर देवमासे येतात. कुबड्या देवमासा म्हणजे हंपबॅक इथे सर्वांत भरवशाचा. त्याच्याबरोबर मिंक देवमासे आणि पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन दिसतात. जून-जुलैत नशीब असेल तर निळा देवमासाही दिसतो, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. त्याचा फवारा नऊ मीटरपर्यंत उंच जातो.

बोट सुटली की गाइड उंचावर उभा राहतो. दिशा तो घड्याळाच्या आकड्यांत सांगतो: बोटीचे तोंड म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन, डावी नऊ. ‘दोन वाजता!’ अशी हाक आली की सगळ्यांच्या नजरा एका दिशेला वळतात. पण पाण्यात कुठे पाहायचे हे कप्तानाला बहुतेक वेळा पक्षीच सांगतात. किटिवेक आणि सुरय एका जागी घिरट्या घालून सूर मारू लागले, की खाली माशांचा थवा वर ढकलला जातो आहे असे समजायचे. ढकलणारा बहुधा देवमासाच असतो.

हंपबॅक वर येतो तेव्हा आधी श्वास ऐकू येतो, एक दमदार फुसकारा. वारा बोटीकडे असेल तर कुजक्या माशांचा वास येतो. देवमासा चार-पाच वेळा श्वास घेतो, मग पाठीची कमान करतो आणि अख्खी शेपटी पाण्याबाहेर काढून सरळ खाली जातो. त्या जागी गुळगुळीत, तुकतुकीत पाण्याचे एक वर्तुळ काही वेळ राहते. शेपटी खाली ढकलते त्या पाण्याचा तो उमाळा. आता पाच-सात मिनिटे काही दिसणार नाही, हे कप्तान जाणतो. तो इंजिन मंद करतो आणि थांबतो.

शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी, तिच्यावरचे ओरखडे, कडांच्या खाचा प्रत्येक हंपबॅकच्या वेगळ्या असतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या. त्यामुळे बोटीवर काढलेला फोटो नुसती आठवण राहत नाही, तो नोंद होतो. फोटो जुळवून तोच प्राणी पुन्हा कुठे आणि कधी आला हे कळते. आइसलंडजवळ दिसलेले हंपबॅक कॅरिबियन समुद्रात आढळल्याचे अशाच फोटोंनी दाखवून दिले. देवमाशांचा अभ्यास करणारे आइसलंड विद्यापीठाचे संशोधन केंद्र हूसाविकमध्येच आहे.

काही फेऱ्या लुंदेय बेटाला वळसा घालतात. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथे पफिनची वसाहत असते. काळी पाठ, पांढरे पोट, रंगीत चोच; वजन जेमतेम अर्धा किलो. जमिनीत बीळ खणून तो एकच अंडे घालतो. जिभेवरच्या काट्यांनी आधीचे मासे टाळूशी दाबून धरतो, म्हणून चोच उघडून पुढचे मासे पकडता येतात. अटलांटिक पफिनपैकी निम्म्याहून जास्त आइसलंडमध्ये घरटी करतात, तरी २०१५ पासून ही जात धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. पफिनचे शेजारी असलेले आर्क्टिक सुरय वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास. ग्रीनलंड आणि आइसलंडमधल्या सुरयांच्या पायाला छोटी यंत्रे बांधून केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हे पक्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन येताना वर्षाला सरासरी ७० हजार किलोमीटर उडतात, असे त्यातून कळले.

गावातले देवमासा संग्रहालय १९९७ चे. ते पूर्वीच्या कत्तलखान्याच्या इमारतीत आहे. २०१० मध्ये किनाऱ्याला लागलेल्या निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांब सांगाडा तिथे पाहायला मिळतो. याच देशात देवमाशांची शिकारही चालत आली आहे. आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ मध्ये लागू झाली, पण आइसलंडने २००६ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. २०२२ मध्ये १४८ फिन देवमासे मारले गेले, २०२३ मध्ये २४, आणि २०२४ मध्ये एकही नाही. दुसरीकडे, कोविडच्या महासाथीआधीच्या वर्षांत तीन लाखांहून अधिक लोक दरवर्षी देशभरात देवमासे पाहायला बोटीत बसत होते. जिवंत देवमाशाचे मोल किती, याचे उत्तर त्यात आहे.

अर्थात, पाहणेही जाचक होऊ शकते. म्हणून तिथल्या व्यावसायिकांनी स्वतःसाठी नियम केले. ३०० मीटरच्या आत वेग कमी करायचा, ५० मीटरवर इंजिन न्यूट्रलला टाकायचे, प्राण्याच्या वाटेत बोट आडवी घालायची नाही. देवमासा दिसला नाही तर अनेक कंपन्या पुढच्या फेरीचे तिकीट फुकट देतात. मला ही सवलत या साऱ्या नियमांइतकीच महत्त्वाची वाटते. आजच दाखवले पाहिजे, हे दडपण कप्तानाच्या डोक्यावरून उतरले की पाठलागाचे कारणच उरत नाही.

आपल्याकडे तारकर्ली, मालवण, हर्णै आणि गोव्यात डॉल्फिन दाखवायला बोटी जातात. डॉल्फिन आणि देवमासे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. तरी पर्यटक ‘अजून जवळ घ्या’ म्हणून धोशा लावतात, आणि गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून नावाडी इंजिनाचा वेग वाढवतो. पुढच्या वेळी बोटीत बसाल तेव्हा निघण्यापूर्वीच त्याला सांगा: आम्हाला घाई नाही, लांबूनच पाहू, डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊ. नियम पाळणे नावाड्याला परवडले पाहिजे, आणि ते परवडू देणे आपल्या हातात आहे.