पंगत उठेस्तोवर

लग्नाच्या एका पंगतीत कागदी द्रोणाच्या आतली पातळ झिल्ली बोटानं सोलून निघाली, तेव्हापासून मनात सल होता. बाहेर कागद, आत पॉलिथिन. 23 मार्च 2018 ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पॉलिथिन मात्र असं कागदाआड लपून पंगतीला बसलंच.

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत इंजिनिअरिंगची एक मुलगी घरच्या गॅसवर मक्याच्या स्टार्चची झिल्ली करते असं कळलं, म्हणून गेलो. स्टार्च, पाणी, थोडं ग्लिसरीन शिजवायचं, काचेवर ओतायचं, पंख्याखाली वाळवायचं. वास थेट कुरडईच्या चिकाचा. घरी आल्यावरही तो नाकातून जाईना.

पण स्टार्चला पाण्याची ओढ जबर. कोऱ्या झिल्लीवर थेंब पसरला, झिल्ली फुगून लिबलिबीत झाली. शेजारच्या अळूच्या पानावरून मात्र थेंब घरंगळून गेला. त्या पानावर मेण असतं आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटेही. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा राहते. नुसतं मेण फासून ते साधत नाही.

"काका, हात नोका लावू, ओलंच हाये अजून," ती म्हणाली. "आचारी म्हन्ते, पंचवीस मिन्टं टिकलं पाह्यजे. पंगत उठेस्तोवर."

पंचवीस मिनिटं! एवढ्याच कामासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या न कुजणारी वस्तू ताटात घेतो.

तरी पाणी अडवायला ती झिल्लीवर मेणाचा हात देते. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, वाढताना रस्सा त्याहून गरम. तिच्या पहिल्या द्रोणात तर्रीबरोबर मेणही तरंगलं होतं. आता तिनं कार्नोबा मिसळलंय, ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. ते 80 अंशांपुढे वितळतं, पण नुसतंच लावलं तर घडीवर तडकतं. म्हणून दोन्ही.

पळसाच्या द्रोणात पान गळत नाही, काडीनं टोचलेले सांधे गळतात. तिनं आतून झिल्ली बसवली, द्रोण वर्तमानपत्रावर ठेवला. तिच्या आईनं उकळता रस्सा ओतला. आम्ही तिघंही द्रोणाकडे नाही, खालच्या कागदाकडे पाहत बसलो. दहा मिनिटं कोरडी. पंधरा. एकोणिसाव्या मिनिटाला छापील अक्षरांवर तेलकट गोल उमटला.

तिनं वहीत 19 लिहिलं.

"पुढच्या खेपेले मेनाचे दोन हात देतो," म्हणाली, आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.