ऑशविट्झ : मोडके ते मोडकेच

पोलंडमधल्या क्राकूव्हच्या पश्चिमेला, तासा-दीड तासाच्या वाटेवर ओश्विएंचिम हे गाव आहे. जर्मनांनी पोलंड घेतल्यावर गावाला ऑशविट्झ हे नाव दिले आणि 1940 मध्ये तिथल्या लष्करी बराकींत छळछावणी उघडली. पुढे तीन किलोमीटरवर बिर्केनाऊची अवाढव्य छावणी उभी राहिली. जानेवारी 1945 पर्यंत इथे सुमारे 11 लाख माणसे मारली गेली. त्यांतली जवळपास 10 लाख ज्यू होती. 1947 पासून दोन्ही जागा संग्रहालय म्हणून राखलेल्या आहेत.

मूळ छावणीत विटांच्या इमारतींच्या नीटनेटक्या रांगा आहेत. आत काचेमागे लाखाहून जास्त पादत्राणे आणि सुमारे दोन टन केस आहेत. केसांच्या दालनात छायाचित्रे काढू देत नाहीत. पण पाय अडतो तो स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी. ‘दुसरीकडे वसवायला नेतो’ असे सांगून अनेकांना गाड्यांत चढवले होते, म्हणून त्यांनी एनॅमलची भांडीकुंडी सोबत घेतली. सामान अदलाबदल होऊ नये म्हणून सूटकेसींवर ठळक अक्षरांत नावे रंगवली. ती अजून वाचता येतात.

बिर्केनाऊत मांडून ठेवलेले फारसे काही नाही. रेल्वेचे रूळ थेट आत जातात. 1944 च्या उन्हाळ्यात हंगेरीतले लाखो ज्यू याच फलाटावर उतरले आणि कामाला कोण चालेल हे डॉक्टरांनी ठरवल्यावर बहुतेकांना थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेले गेले. लाकडी बराकींपैकी बऱ्याच ठिकाणी फक्त विटांची धुराडी उरली आहेत. माघार घेताना एसएस या नाझी दलाने सुरुंग लावून उडवलेल्या दाहगृहांचे ढिगारेही तसेच पडलेले आहेत.

ते पुन्हा बांधायचे नाहीत, हे संग्रहालयाचे धोरण आहे. जोडे साफ करतात, पण फाटलेले शिवत नाहीत. मूळ छावणीतल्या दाहगृहाचे धुराडे मात्र युद्धानंतर नव्याने बांधले गेले, आणि हत्याकांड झालेच नाही म्हणणाऱ्यांनी पुढे नेमके त्याच्यावरच बोट ठेवले. पुरावा दुरुस्त केला की त्याचे वजन जाते, ते असे. म्हणून बिर्केनाऊच्या विटांच्या बराकी खचत असताना त्यांना आधार दिला जातो, नवे रूप नव्हे.

प्रवेश विनामूल्य असला तरी नोंदणी आधी करावी लागते. 14 वर्षांखालील मुलांना नेऊ नये, असे संग्रहालय सुचवते. दोन्ही भाग बघायला किमान साडेतीन तास लागतात. मधल्या अंतरासाठी बस आहे.